एल्रॉय बाउमाची वीतभर गादी

मिशिगनमधल्या झीलंड गावात, खुर्च्यांच्या कारखान्यात, एल्रॉय बाउमा उभा राहून म्हातारा झाला. तो फोम खात्यात होता. पिवळसर फोमचे मोठमोठे ठोकळे यायचे. ते करवतीवर कापायचे, लाकडी फळीला गोंद मारायचा, फोम चिकटवायचा आणि कापड चढवायला पुढे पाठवायचा. अर्ध्या अमेरिकेतले कारकून, वकील आणि विमावाले जिथे टेकतात त्यातल्या बऱ्याच जागा त्याच्या हाताखालून गेलेल्या. निवृत्तीच्या समारंभात त्याने एकाच वाक्याचं भाषण केलं. "देशाची मागची बाजू मी सांभाळली, पुढची दुसऱ्या कुणीतरी बघावी." लोक हसले. कारखान्याने त्याला एक खुर्ची भेट दिली. ती त्याच्या पाठीला लागते, म्हणून तिच्यावर मांजर बसतं.

दिव्याखालचा हा अंधार दर जुलैत आठवडाभर चव्हाट्यावर यायचा. त्या आठवड्यात त्यांच्या डच चर्चमधली निम्मी कुटुंबं मिशिगन सरोवराकाठी, वाळूच्या टेकड्यांमागच्या कॅम्पात जमतात, दर वर्षी त्याच झाडांखाली, शनिवार ते शनिवार. इतरांकडे हळूहळू घराएवढ्या गाड्या आल्या. एल्रॉयकडे मात्र पॉप-अपच राहिला. मिटलेला असला की पिकअपमागे ओढायची एक बसकी पेटी. हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, आणि दोन्ही टोकांनी कपाटाच्या खणांसारखे दोन पलंग बाहेर ओढायचे. त्यांच्यावर कॅनव्हासचा तंबू. पलंग म्हणजे प्लायवुडची फळी आणि वर दोन बोटं फोम. मुलं लहान असताना त्याने तो एका विधवेच्या अंगणातून घेतला होता. "गाद्या अगदी नव्यासारख्या आहेत," ती म्हणाली होती. "माझे हे त्यांच्यावर कधी झोपलेच नाहीत. पुढे गाडीतच झोपायचे." एल्रॉयला तेव्हा ती गाद्यांची स्तुती वाटली.

मुलं होती तोवर निभावलं. मुलं दगडावरही झोपतात. मग मुलं आपापल्या घरी गेली, बायकोचा, नेल्वाचा, खुबा बदलला, आणि दोन बोटं फोमखालची फळी दोघांनाही नीट कळायला लागली.

एल्रॉयने उपाय करायचं बाकी ठेवलं नाही. आधी हवेची गादी आणली. तिच्यावर एकाने कूस बदलली की दुसरा उडायचा, आणि पहाटेपर्यंत हवा जाऊन दोघं मधल्या खळग्यात एकमेकांवर रचले जायचे. "लग्नानंतर इतके जवळ आपण पहिल्यांदाच आलो," असं तो म्हणाला. नेल्वाला त्यात विनोद दिसला नाही. मग अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल फोम आला. त्याचे फुगवटे सकाळी तिच्या पाठीवर मोजता येत. मग शरीराचा आकार लक्षात ठेवणारा महागडा फोम आला. पण सरोवरावरून गार वारा सुटला की तो पाट्यासारखा घट्ट व्हायचा आणि त्याच्या लक्षात फक्त खालची फळी राहायची. शिवाय तो गुळगुळीत प्लायवुडवरून घसरायचा. एका पहाटे नेल्वाला जाग आली तेव्हा तिचा गाल दवाने भिजलेल्या कॅनव्हासला चिकटलेला होता.

मागच्या वर्षी तिने उशी उचलली आणि ती गॉर्डकडे झोपायला गेली. गॉर्ड तिचा थोरला भाऊ. त्याच्या गाडीत खराखुरा पलंग आहे, उशाशी दिवा आहे, आणि त्याचं म्हातारं कुत्रं बस्टर याच्यासाठीही वेगळी सतरंजी आहे. नेल्वाचं जाणं कुणी पाहिलं नाही. परतणं मात्र सगळ्यांनी पाहिलं. लोक कॉफीचे मग घेऊन बाहेर बसले होते, आणि झोपायच्या कपड्यांत, उशी काखेत मारून, बाई पूर्ण कॅम्प ओलांडून स्वतःच्या नवऱ्याकडे परत आली. त्या लोकांत कुणी काही बोलत नाही, फक्त जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं. बोलला तो एकटा गॉर्ड.

"काय जावईबापू, रात्री पलंग ऐसपैस वाटला असेल, नाही?"

एल्रॉयने हसून मान डोलावली. आयुष्यभर फोम कापलेल्या माणसाची बायको झोपेसाठी माहेरी जाते, याच्यावर दुसरं काय करता येतं?

यंदा जूनमध्येच नेल्वाने भांडी पुसता पुसता निकाल सांगून टाकला.

"हे शेवटचं, एल्रॉय. एकदा जरी मान धरली, तरी मी गॉर्डकडे जाणार. आणि घरी आलो की तुझं ते खोकं अंगणात उभं करायचं, पाटी लावून."

"कसली पाटी?"

"विकणे आहे म्हणून. गॉर्डकडे तयार आहे. बोट विकली होती तेव्हाची."

"ती अजून ठेवलीय त्याने?"

"चांगलं प्लायवुड आहे. फेकायचं कशाला?"

चांगलं प्लायवुड फेकणं त्यांच्यात पापात मोडतं.

पण खोकं विकणं त्याला झेपणारं नव्हतं. त्याला मासे धरता येत नाहीत, पत्त्यांत तो हरतो, पोहताना त्याला पाहून लोक मदतीला धावतात. घरी रिकामा बसला की नेल्वा काम सांगते. कॅम्पात मात्र काही न करता बसणं हेच काम असतं, आणि ते त्याला उत्तम येतं. आणखी एक गोष्ट होती, ती तो कुणाला सांगत नसे. दिवा मालवला की कॅनव्हासमधून लाटा ऐकू येतात, आणि घरी जेवणाच्या टेबलावर कधी न निघणाऱ्या गोष्टी नेल्वा तिथे बोलायला लागते. आपल्या आईविषयी, धाकट्या मुलाविषयी, कधी एल्रॉयविषयीसुद्धा. गॉर्डच्या गाडीला पत्र्याच्या भिंती आहेत. तिथे लाटा ऐकू येत नाहीत, टीव्ही ऐकू येतो.

तेव्हा एल्रॉय कारखान्यात गेला आणि फोम खात्यातल्या जुन्या सोबत्याकडून साहेबलोकांच्या खुर्च्यांत घालतात तो फोम घेऊन आला. वीतभर जाडीचा, पूर्ण पलंगाएवढा अखंड ठोकळा. दाबला की हळूहळू खाली जाणारा आणि हात काढला की शांतपणे वर येणारा. गॅरेजचं दार लावून त्याने तो मापात कापला, पिकअपच्या मागे टाकून वर ताडपत्री बांधली. "सायकली आहेत," असं नेल्वाला सांगितलं. तिने सायकल सोडून पुष्कळ वर्षं झाली होती, पण तिने विचारलं नाही. नवऱ्याच्या ताडपत्रीखाली बघू नये, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

कॅम्पात पोचल्यावर त्याने छप्पर वर केलं, पलंग ओढले. नेल्वा कॉफी प्यायला गॉर्डकडे गेली तेवढ्यात त्याने जुना फोम बाहेर काढला आणि कामाला लागला.

इथे त्याचे हात त्याच्यापुढे गेले. फोम घसरतो, हे नेल्वाच्या गालाने सिद्ध केलं होतं. न घसरायला काय करायचं, हे हातांना पाठ होतं. फळी पुसायची, गोंद मारायचा, थोडं थांबायचं, एका कडेकडून फोम टेकवत जायचं, मग गुडघ्यांनी दाबून सगळी हवा काढायची. त्याने सगळं केलं, आणि ते इतकं सुबक झालं की तो मागे सरकून बघत राहिला. कारखान्याचा गोंद होता. एकदा धरला की खुर्ची भंगारात जाते, फोम सुटत नाही.

फक्त खुर्ची कधी मिटत नाही. ही गोष्ट हातांना कुणी कधी सांगितली नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती. डोक्याने सांगायला हवी होती, पण डोकं तेव्हा गॉर्डचा चेहरा कसा पडेल त्याच्या विचारात होतं.

"वास कसला येतोय?" परत आल्यावर नेल्वाने विचारलं.

"कसला?"

"तू कामावरून यायचास तसला."

"वर चढून बघ."

पलंग इतका उंच झाला होता की तिला पायाखाली दुधाचा क्रेट ठेवावा लागला. ती चढली, आडवी झाली आणि तिथेच झोपली. सकाळी एल्रॉय उठून कॉफी करून मग तिच्या उशाशी घेऊन आला तरी ती झोपलेलीच. शेवटी तिने डोळे उघडले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे.

"वाईट नाही," ती म्हणाली.

बाउमांच्या घरात 'वाईट नाही' ही सर्वांत वरची पदवी आहे. मुलगी डॉक्टर झाली तेव्हाही हीच मिळाली होती.

दुपारपर्यंत कॅम्पभर झालं. लोक बघायला येऊ लागले, चपला काढून पलंगावर आडवे होऊन बघू लागले. गॉर्डही आला. हातांची घडी घालून फोमकडे वरून खालपर्यंत पाहिलं, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आडवा झाला.

"गॉर्ड, कसं आहे?" नेल्वाने जरा वेळाने विचारलं.

उत्तर आलं ते घोरण्याचं.

त्या क्षणापासून एल्रॉयचे पाय जमिनीवर ठरेनात. फोमची घनता, फोमचा श्वास, फोमची प्रकृती यांवर तो समोर येईल त्याला ऐकवू लागला. संध्याकाळी झाडांखाली रविवारची उपासना झाली. प्रवचन सुरू होताच त्याने रिवाजाप्रमाणे बाकावर पेपरमिंटच्या गोळ्या फिरवल्या आणि दुसऱ्या पलंगालाही असाच फोम लावायचा बेत करत बसला. उपदेशक गर्वाविषयी बोलत होता. एल्रॉयला ते गॉर्डला नेमकं लागू पडतं असं वाटलं.

आठवडा असा गेला. नेल्वा झोपली, आणि झोपण्याआधी बोललीही. एका रात्री तिने सांगितलं की पुढच्या वर्षी मोठ्या मुलीलाही बोलवू या, दुसरा पलंग रिकामाच असतो. पाटीचं नाव निघालं नाही.

मग निघायचा शनिवार उजाडला. दुपारपर्यंत जागा सोडायची होती. एल्रॉयने पलंग आत ढकलले, कॅनव्हास खोचला, शीळ घालत हँडल उलटं फिरवायला घेतलं. छप्पर खाली आलं, आणखी खाली आलं, आणि थांबलं. त्याची शीळही थांबली. छपराच्या आणि पेटीच्या मध्ये, चारी बाजूंनी, वीतभर फट होती. ती वीत कुणाची हे त्याला मोजपट्टीशिवाय कळलं.

"काय झालं?" नेल्वा खुर्च्या आवरत होती.

"काही नाही. जरा बसेल आता."

"काय बसेल?"

"फोम."

तिने फटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "मग ती गादी काढून पिकअपमध्ये टाक. आणली तशीच."

एल्रॉयने टोपी काढली आणि परत घातली. "चिकटवलीय."

"कशाला?"

"घसरू नये म्हणून."

"कुठल्या गोंदाने?"

एल्रॉयने पुन्हा टोपी काढली. नेल्वाने हातातली खुर्ची उघडली, वाळूत नीट टेकवली आणि तिच्यावर बसली. "आणि मी समजत होते मी एका फोमवाल्याशी लग्न केलंय," ती म्हणाली.

नाकापेक्षा मोती जड झाला होता. आणि तो दुसऱ्या कुणी नाही, एल्रॉयनेच स्वतःच्या हातांनी, गुडघ्यांनी दाबून, हवा काढून बसवला होता.

तेवढ्यात त्या जागेवर पुढच्या आठवड्यासाठी येणारी मंडळी हजर झाली. त्या गाडीतून उतरलेला माणूस घड्याळाकडे बघत आला. "तुम्ही निघताय ना?"

"निघतोय, निघतोय," एल्रॉय म्हणाला. "छप्पर तेवढं यायचंय."

नेल्वाने त्या माणसाला न्याहाळलं. "नाव काय तुमचं?"

"रॉजर स्लॉटमन."

"कुठले स्लॉटमन? ओव्हरायझलचे?"

"नाही, हॅमिल्टनचे. आई व्हॅनडर प्लूग."

"दूधवाल्या व्हॅनडर प्लूगांपैकी?"

"हो, तेच!"

"मग तुमची ट्रेसामावशी आमच्या चुलतभावाला दिलेली."

झालं. नातं निघालं, आता रॉजरला भांडता येणार नव्हतं. त्याने बाह्या सरसावल्या.

आवाज ऐकून गॉर्ड आला, मागोमाग बस्टर आलं. गॉर्डने शेजाऱ्यांना हाका मारल्या, शिडी आणवली आणि स्वतः छपरावर जाऊन बसला. तिथून उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो हुकूम सोडू लागला. "रॉजर, तू त्या कोपऱ्यावर ये! एल्रॉय, तू खाली थांब, तू पुष्कळ केलंयस!"

मंडळी वर चढून बसली आणि छप्पर चार बोटं खाली गेलं. फोम दबला, साहेबी फोम दबतो तसा, आब राखून. कडी लावायला एल्रॉय धावला तोवर फोमने सगळ्यांना पुन्हा वर आणलं. छपरावरची मंडळी हळूहळू उंचावताना दिसली. छप्पर पेलणारी तार कुरकुरली.

"तार तुटली तर हे कायमचं बंद," एल्रॉय म्हणाला.

"किंवा कायमचं उघडं," वरून गॉर्ड म्हणाला. "अरे, उद्यापर्यंत राहा कुठेतरी आणि सावकाश बघ."

"उद्या रविवार," नेल्वा म्हणाली. तेवढ्यावर तो विषय संपला. रविवार देवाचा; त्या दिवशी ती एल्रॉयला सायकलीत हवासुद्धा भरू देत नाही.

गॉर्ड शिडीवरून उतरला, आपल्या गाडीकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात ती पाटी होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं: विकणे आहे. "राग मानू नकोस," तो एल्रॉयला म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "आहे तसं, उघडं, इथेच एखाद्याला देऊन टाक. गादी बघून कुणीही घेईल."

रॉजर स्लॉटमनने गादीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

एल्रॉयनेही पाहिलं. मग त्याने गेला अर्धा तास टाळलेला हिशोब केला. अख्खा ठोकळा दबत नव्हता. अर्धा दबला असता. लोक बसले असते तर कड्या लागल्या असत्या.

"नेल्वा, हॅम कापायची सुरी कुठे आहे?"

"विजेची? कशाला?"

"माझी बाजू कापतो."

नेल्वाने 'नको, नको' म्हटलं नाही. त्यांच्यात तसं म्हणायची पद्धत नाही. ती उठली, डब्यातून सुरी काढली, तार खांबावरच्या प्लगला लावली आणि सुरी त्याच्या हातात दिली. "सरळ काप," ती म्हणाली. "माझ्या बाजूला येऊ नकोस."

आयुष्यभर करवतीवर केसाचाही फरक न होऊ देता फोम कापलेला माणूस आता अख्ख्या कॅम्पासमोर गुडघ्यांवर बसून हॅमच्या सुरीने स्वतःचं अंथरूण कापू लागला. पलंगाच्या मधोमध रेघ सरळ गेली, ते बघून त्याला जरा बरं वाटलं. पण खालून कापताना गोंदाने आपला गुण दाखवला. फोम अखंड निघेना. त्याचे लचके निघू लागले, कुठे मुठीएवढे, कुठे पावाएवढे, आणि त्यांचा चुरा वाऱ्यावर उडून रॉजर स्लॉटमनच्या भुवयांवर जाऊन बसला.

"गोंद चांगला होता," एल्रॉय आतून म्हणाला.

"दिसतंय," नेल्वा म्हणाली.

शेवटी त्याच्या बाजूला खरवडलेलं प्लायवुड उरलं आणि तिच्या बाजूला वीतभर उंचीचा कडा. मंडळी पुन्हा छपरावर बसली, एल्रॉयने हँडल फिरवलं, कड्या एकेक करून लागल्या. टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी हे त्याने विचारलं नाही. लचके फेकायचे कसे, चांगला फोम होता. गॉर्डने ते एका पोत्यात भरले, तोंड शिवलं आणि बस्टरसमोर टाकलं. बस्टरने वास घेतला, दोन फेऱ्या मारल्या आणि साहेबलोकांच्या फोमवर अंग टाकलं. ते त्या दिवशी जेवायला उठलं नाही.

"आणि हे?" गॉर्डने पाटी पुढे केली.

नेल्वाने ती घेतली, बोटाने वाजवून पाहिली, कडेने डोळा लावून सरळ आहे का बघितलं आणि पिकअपमध्ये टाकली. घर आलं तसं अंगणात पॉप-अपसाठी त्याने जागा शोधायला सुरुवात केली. रस्त्यावरून दिसेल अशी.

"तिकडे कुठे?" नेल्वा म्हणाली. "गॅरेजमध्ये लाव. पाऊस आला तर माझा फोम भिजेल."

हिवाळ्यात त्याने दोनदा नवीन युक्ती काढली. एकदा सुट्या तुकड्यांची, एकदा स्प्रिंगांची. दोन्ही वेळा नेल्वाने हात वर केला. "आता काही करू नकोस. छान चाललंय. तुझं डोकं चाललं की माझी मान जाते."

पुढच्या जुलैत ते त्याच झाडाखाली होते. मुलगी दुसऱ्या पलंगावर आली होती. नेल्वा दुधाच्या क्रेटवर पाय ठेवून आपल्या जागी चढली. एल्रॉयने खाली, खळग्यात, जुना दोन बोटांचा फोम पसरला आणि आडवा झाला. मधोमध, कड्याच्या काठाला, ती पाटी आडवी उभी केलेली होती. झोपेत नेल्वा घरंगळून त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून. मापात बसली होती. चांगलं प्लायवुड.

"एल्रॉय," वरून आवाज आला.

"काय?"

"अक्षरं तुझ्या बाजूला ठेवलीत."

"दिसतायत."

"लक्षात राहावं म्हणून." तिने दिवा मालवला. थोडा वेळ नुसत्या लाटा ऐकू आल्या. मग पाटीपलीकडून ती तिच्या आईविषयी काहीतरी सांगू लागली. एल्रॉय फळीवर कूस बदलून, कान वर करून ऐकू लागला.